पुढचं पान

शिवलीलेनं चुकून दोन पानं एकदम उलटली. ‘तेव्हा थोरली बहीण शिवणयंत्रावरून न उठताच म्हणाली, की’ इथं उजवीकडचं पान संपलं होतं, आणि आता महानंदाच्या डोळ्यांसमोर जे पान आलं होतं त्याच्या सुरुवातीला कुणीतरी चपला हातात घेऊन मागच्या दारानं निघून जात होतं. बहीण काय म्हणाली, चपला कुणाच्या, मागचं दार कुठल्या घराचं, काहीच लागेना. महानंदाला हाक मारायची होती. पण हाक आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. छातीत हवा गोळा करायची, ती घशापर्यंत आणायची, जीभ जागेवर न्यायची, आणि एवढं करून जो आवाज निघे तो दारापर्यंत जाता जाता विरून जाई. शिवलीला स्वयंपाकघरात गेली होती आणि मिक्सर सुरू झाला होता. मिक्सर थांबेपर्यंत वाट बघायची म्हणून महानंदा समोरचं पान नुसतं बघत राहिली, आणि बघता बघता वाचायला लागली. दोन परिच्छेदांत चपलांचा धनी कळला, तो धाकटा भाऊ होता. पान संपेपर्यंत मागचं दारही ओळखीचं झालं. गोष्टीनं आपलं भोक आपणच बुजवून घेतलं होतं. शिवलीला पदराला हात पुसत आली तेव्हा, मागं जा, असं तिला सांगता आलं असतं. शिवलीलेनं वाकून तिच्या तोंडाकडं बघत विचारलं, “मुंदे, अव्वा?” पुढं? आणि महानंदा म्हणाली, “हूं.” त्या हूंनंतर मात्र तिला जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं झालं. दोन पानं गेली याचं एवढं नव्हे. ती आपण जाऊ दिली, आणि आपल्याला चाललं, याचं. आज दोन चालली. उद्या चार चालतील. मग एखाद्या दिवशी शिवलीला तेच पान दिवसभर समोर ठेवून जाईल, आणि तेही चालेल.

आजार पहिल्यांदा दिसला तोही पानावरच. तेव्हा ती अजून चामराजपेटच्या घरी एकटी राहत होती, नवरा जाऊन वर्षं झाली होती आणि मुलगा शार्दूल नोकरीपायी मारतहळ्ळीला राहायला गेला होता. दुपारचं जेवण झालं की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाचायचं, हा तिचा दिवसाचा खरा भाग. एकदा पान उलटता उलटेना. बोट ओलं केलं, तरी उलटेना. कागद वाईट वापरलाय मेल्यांनी, असं म्हणून तिनं छापखान्याला नावं ठेवली. दुसऱ्या पुस्तकाचा कागद चांगला होता, तरी तेच. मग तिनं हात उजेडात धरून बघितला, तर अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला मऊ उंचवटा बसला होता, कुणीतरी आतून चमच्यानं काढून घेतल्यासारखा. पुढं दवाखाने झाले, सुया टोचून झाल्या, आणि शेवटी एका डॉक्टरनं मोटर न्यूरॉन म्हणून नाव सांगितलं. हात जातील, पाय जातील, बोलणं आणि गिळणं जड होत जाईल. तिचा चेहरा बघून त्यानं आवाज मऊ केला आणि म्हणाला की, डोळे मात्र शेवटपर्यंत राहतात, बहुतेकांचे. त्या दिवशी तिला त्या वाक्याचा आधार वाटला होता. डोळे राहिले म्हणजे वाचन राहिलं, असा सरळ हिशेब तिनं घरी येता येता रिक्षातच करून टाकला. पुस्तक डोळ्यांनी वाचतात, एवढंच तिला तोवर माहीत होतं. ते हातानं, मानेनं, पाठीच्या कण्यानं, बसायच्या ताकदीनं वाचतात, हे एकेक जात गेलं तसं कळत गेलं.

संकेश्वरची मुलगी ती, टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली आणि बंगळूरला आली. ट्रंक कॉल जोडायचं काम होतं. डोक्यावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. कन्नड, मराठी, हिंदी, मोडकं इंग्रजी, जो जसा बोलेल तसं बोलायचं, आणि वेळ संपली की दोर ओढून घ्यायचा. दिवसभर कानांत परक्या माणसांचे आवाज भरलेले असत, कुणाच्या घरी मयत, कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाचा सौदा. दोन कॉलच्या मधल्या फटीत मांडीवर पुस्तक उघडं असे. उजव्या हातात दोर, डाव्या हाताच्या अंगठ्यानं पान सरकवायचं. वाचन म्हणजे तिच्या लेखी कानांना सुट्टी होती. कुणाचाही आवाज नाही, आणि तरी माणसं बोलताहेत. म्हणूनच सुनेनं, सुखदानं, पहिल्यांदा ऐकायची पुस्तकं आणून लावली तेव्हा तिला ती सोसेनात. वाचणारा माणूस चांगला होता, पण प्रत्येक वाक्यात स्वतःचा गळा घालायचा. जिथं तिला थांबावंसं वाटे तिथून तो पुढं निघून जायचा, आणि जिथं पळत जावंसं वाटे तिथं रेंगाळायचा. पुन्हा कुणाच्या तरी कॉलवर बसल्यासारखं व्हायचं. तिनं ती ऐकली, नाही असं नाही. मिळेल ते घ्यायची सवय लागली होती. पण हवी असलेली पुस्तकं ऐकायच्या रांगेत नव्हतीच.

सुखदा पुण्याची. आजार वाढला तशी महानंदा मारतहळ्ळीला मुलाकडं राहायला आली होती. शार्दूल कंपनीच्या कामासाठी जर्मनीला गेल्यापासून घर, नोकरी आणि सासू हे सगळं तीच बघत होती. चांगली मुलगी. काही अडलं की ते सुटलंच पाहिजे, असा तिचा स्वभाव होता, आणि महानंदाला कधी कधी त्याचीच धास्ती वाटे. सुटलं नाही की सुखदाचा चेहरा असा होई, की सांत्वन महानंदानं करावं. तिनं कुठूनसा एक पडदा पैदा केला, नजरेनं चालणारा. उजव्या कोपऱ्याकडं थोडा वेळ टक लावून बघितलं की पुढचं पान येई. पहिल्या दिवशी महानंदा लहान पोरीसारखी नुसती पुढं-मागं, पुढं-मागं करत राहिली. कुणालाही न सांगता, कुणाचेही आभार न मानता एक गोष्ट तिच्या मनासारखी झाली होती. पण पडद्यात घालायला पुस्तक हवं. इंग्रजी हवी तेवढी होती. मराठीतली जी तशी मिळत होती ती सुखदानं सगळी घातली आणि महानंदानं ती सगळी वाचली, आयुष्यात यशस्वी कसं व्हावं हेसुद्धा. तिला हवी होती ती मात्र कागदावर छापलेली होती आणि कागदावरच राहिली होती.

त्यातलंच एक, शिंप्याच्या घराची ही कादंबरी. सुखदानं प्रकाशकाचा नंबर शोधला आणि पलंगाजवळ बसून स्पीकरवर फोन लावला, आईंनाही ऐकू यावं म्हणून. पलीकडं प्रकाशकांचा नातू होता, अदबीनं बोलणारा. पुस्तकाची फाइल होती त्याच्याकडं. पण फाइल एकदा बाहेर पडली की गावभर होते, मागच्या वर्षी दोन पुस्तकांचं तसं झालं होतं, आजोबांनी हात पोळून घेतले होते, आता ते कुणालाच देत नाहीत, असं त्यानं समजावून सांगितलं. सुखदानं त्याला कायद्यातली सूट सांगितली, अपंगांसाठी वाचता येईल अशी प्रत करता येते म्हणून. 

“ते अंध लोकांसाठी असेल ना, मॅडम,” तो म्हणाला. “तुमच्या आईंना तर दिसतं.”

सुखदा म्हणाली, दिसतं, पण हात चालत नाहीत, पुस्तक धरता येत नाही. ती हे सांगत असताना महानंदा छताकडं बघत होती. आपल्याला दिसतं ही गोष्ट आज प्रथमच गुन्ह्यासारखी सांगावी लागत होती. पोराला वाईट वाटलं असावं. आजोबांना विचारून बघतो म्हणाला, आणि आठवड्याभरात त्यानं पुस्तकच पाठवून दिलं. छापील, पक्क्या बांधणीचं, आत ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं. इतकी पक्की बांधणी की उघडलेलं पुस्तक हात काढला की आपणहून मिटे. सुखदानं रात्रीची जेवणं आटोपून त्याच्या पानांचे फोनवर फोटो काढायला सुरुवात केली. साठेक पानं झाली. ती साठ पानं महानंदानं पडद्यावर वाचली. दर पानाच्या खालच्या कोपऱ्यात पुस्तक दाबून धरलेला सुखदाचा अंगठा होता, नखाला गुलाबी रंग, आणि त्या अंगठ्याखाली शेवटच्या ओळीचे दोनतीन शब्द. महानंदा ते शब्द मनानं भरायची. पुढच्या पुढच्या पानांवर नखाचा रंग उडत गेलेला तिला दिसला. मग सुखदाच्या ऑफिसात कामाची घाई सुरू झाली. वीकेंडला नक्की करते आई, असं ती म्हणाली, आणि वीकेंडला दुपारी ती बसल्या जागी, फोन हातात धरून झोपून गेली. महानंदानं पुन्हा विषय काढला नाही. मग पुस्तक लाकडी स्टँडवर आलं, दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लागले, आणि पान उलटायचं काम शिवलीलेकडं गेलं.

शिवलीला कोप्पळकडची, महानंदाचं आणि स्वयंपाकाचं बघायला ठेवलेली. तिला कन्नड वाचता येई, मराठी अक्षर म्हणजे तिला नुसत्या रेघेला टांगलेल्या खुणा. पण महानंदाचं बोलणं घरात सगळ्यांत जास्त तिलाच समजे, कदाचित शब्दांची वाट न बघता ती तोंडाकडं बघायची म्हणून. चिमटे काढायचे, पान उलटायचं, पुन्हा चिमटे लावायचे. तेवढ्यात कुकर, तेवढ्यात दारावरची बेल. पान वाचायला महानंदाला मिनिटभर पुरे, आणि शिवलीला येई ती केव्हा तरी. आणि बोलवावं तरी किती वेळा? ज्या माणसाला पाणी मागावं लागतं, कूस बदलून मागावी लागते, नाकावर बसलेली माशी हाकलून मागावी लागते, त्यानं वर आणखी पान मागायचं, म्हणजे भुकेल्यानं भाकरीबरोबर सुपारी मागितल्यासारखं. तिनं मनाशी एक शिस्त लावून घेतली होती. पाणी मागायला बोलावलं की त्यातच पान उलटून घ्यायचं. पुढं पुढं असं झालं, की तहान नसताना ती पाणी मागायला लागली. घोट घशात अडकायचा, ठसका लागायचा, शिवलीला पाठ चोळायची, आणि मग पान.

दोन पानं निसटली त्या संध्याकाळी सुखदा ऑफिसातून आली ती खुशीत. चामराजपेटच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात रॅम्प बांधून झाला होता. मंडळाचे चिटणीस भगवंतराव यांनी तिच्या बोलण्यावरूनच हे काम मनावर घेतलं होतं. रविवारी उद्घाटन होतं आणि ते महानंदाच्या हातून व्हावं असं सगळ्यांचं मत पडलं होतं. हातून हा शब्द बोलून गेल्यावर सुखदा थबकली, मग हसली. महानंदाही हसली. त्या वाचनालयाच्या पायऱ्या तिला आठवल्या. दगडी, मधोमध झिजलेल्या, उंच. शनिवारी ड्यूटी सुटली की पिशवीत जुनी दोन पुस्तकं घेऊन ती त्या चढायची आणि नवी दोन घेऊन उतरायची. आत गेलं की खळीचा, जुन्या कागदाचा आणि शेजारच्या अगरबत्तीच्या कारखान्याचा मिळून एक वास यायचा. कपाटांच्या मधल्या बोळात एका वेळी एकच माणूस मावे. तिथं पुस्तक काढायचं, उभ्या उभ्या मधलंच एखादं पान वाचायचं, ठेवून द्यायचं, दुसरं काढायचं. घरी नेलेल्या पुस्तकांपेक्षा ती उभ्यानं चाळलेली पुस्तकंच जास्त असतील. त्या चाळण्याला कुणी वाचन म्हणत नाही. पण आता तिला वाटे की खरी श्रीमंती ती होती. नको असलेलं पुस्तक उघडून, नको म्हणून मिटायची.

रविवार हा शिवलीलेच्या सुट्टीचा दिवस. सकाळी येऊन तिनं महानंदाला न्हाऊ घातलं, इरकल नेसवलं, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळला, आणि बहिणीकडं जायचंय म्हणून निघाली. जाताना तिनं सुखदाला पुन्हा सांगितलं की घास स्वल्प स्वल्प द्यायचा, आणि उलटी झाली तर आधी मान बाजूला करायची. उन्हाळ्यात एकदा तसं होऊन अन्न फुप्फुसात गेलं होतं, आणि महानंदा मरता मरता राहिली होती. तेव्हापासून सुखदाला त्या एका गोष्टीचं जबर भय बसलं होतं. मोठी गाडी सांगितली होती. ड्रायव्हर आणि सोसायटीचा वॉचमन यांनी महानंदाला उचलून आत ठेवलं, पट्ट्यांनी बांधलं, खुर्ची घडी करून मागं टाकली. मारतहळ्ळीचा पूल ओलांडेपर्यंतच निम्मी सकाळ सरली. महानंदा वाटेतल्या पाट्या वाचत होती. कन्नड पाट्या, इंग्रजी पाट्या, बसच्या पाठीवरचे रोगांचे आणि दागिन्यांचे फलक. गाडी पुढं गेली की पाटी आपोआप बदलत होती. कुणाला सांगायला लागत नव्हतं. आणि वाचता वाचता ती मनात दोन वाक्यं घोळवत होती. भाषण नव्हतं ते. तिला एवढंच म्हणायचं होतं, की वर चढायची सोय झाली, आता वाचायची कधी? ती दोन वाक्यं तिनं आठवडाभर तासून तासून एवढी लहान केली होती. एका श्वासात एक वाक्य बसावं म्हणून.

भगवंतराव फाटकापाशीच उभे होते. थकले होते, एका गुडघ्यावर पट्टा होता. त्यांनी वाकून “अक्का, आलात, फार बरं वाटलं बघा,” असं म्हटलं आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. ह्या उतारासाठी ते घरोघर फिरले होते, फुटपाथवर एक वीत आला म्हणून महापालिकेत खेटे घातले होते. उतार सुरेख झाला होता, दोन्ही बाजूंना चकचकीत कठडे, झेंडूच्या माळा. चाकं सरसर वर गेली. टाळ्या झाल्या. आत तोच वास होता. पण कपाटांचे बोळ तेवढेच राहिले होते, आणि खुर्ची समोरच्या सभेच्या खोलीपर्यंतच जाऊ शकत होती. तिथून तिला कपाटांच्या नुसत्या कडा दिसत होत्या. पुस्तकांच्या पाठी आतल्या अंगाला, अंधारात.

फोटोसाठी हातात पुस्तक हवं, असं कुणीतरी सुचवलं. भगवंतराव आत गेले आणि जे शोभून दिसेल असं एक घेऊन आले. एका जुन्या मासिकाचा वर्षभराचा बांधीव खंड होता, लाल कातडी पाठीचा, सोनेरी अक्षरांचा. मांडीवर उशी ठेवून त्यावर त्यांनी तो मधोमध उघडला आणि महानंदाचे दोन्ही हात उचलून दोन्ही पानांवर ठेवले. फोटो झाले. मग एका कार्यकर्त्यानं माइक तिच्या तोंडाजवळ आणला. खोली शांत झाली. महानंदानं हवा गोळा केली. पहिलं वाक्य बाहेर आलं, निदान तिला तरी ते आल्यासारखं वाटलं. माइकमधून फक्त श्वास मोठा होऊन सगळ्या खोलीत पसरला. तिनं दुसरं वाक्य म्हटलं. भगवंतराव कान तिच्या तोंडाशी नेऊन उभे होते, कपाळाला आठ्या घालून, मनापासून ऐकत. मग ते ताठ झाले आणि माइक घेऊन म्हणाले, “अक्का म्हणतात, वर चढायची सोय झाली, आता वाचायची सोय झाली.” जोरात टाळ्या पडल्या. महानंदानं सुखदाकडं बघितलं. सुखदा फोन समोर धरून व्हिडिओ घेत होती आणि फोनच्या वर तिचे डोळे आनंदानं चमकत होते. भगवंतराव खोटं बोलले नव्हते. जे बांधलं तेच त्यांना ऐकू आलं होतं. एका ‘कधी’साठी आता पुन्हा हवा गोळा करायची, पुन्हा खोली शांत करायची, आणि एवढ्या सगळ्या लोकांची टाळी मागं घ्यायची, हे तिच्यानं झालं नाही.

भाषणं सुरू झाली. तिला कडेला नेऊन ठेवलं होतं आणि खंड मांडीवर तसाच उघडा होता. मान थोडी खाली गेली की पानं नीट दिसत होती. हाताखाली झाकलेल्या ओळी सोडून ती वाचायला लागली. कुठल्यातरी गोष्टीचा मधला भाग होता. सुरुवात कुठं तरी मागं होती, लेखकाचं नावही मागंच. एका भाड्याच्या खोलीच्या दाराला कुलूप होतं, किल्ली हरवली होती, आणि जिची खोली ती बाई जिन्यात घामाघूम होऊन उभी होती. शेजारचे लोक जमले होते. कुणी म्हणत होतं कुलूप तोडा, कुणी म्हणत होतं थांबा. बाई एकटी राहते, असं सगळ्यांना माहीत होतं. एक म्हातारा पहार घेऊन आला. त्यानं पहार कडीत घातली, आणि तेव्हा त्या बाईनं त्याचा हात धरला. ‘थांबा,’ ती म्हणाली, ‘आधी ऐका. तुम्हाला वाटतं तशी मी एकटी नाही. आत’ आणि इथं पान संपलं होतं. महानंदानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाईच्या कपाळावरचा घाम, तिची नजर सारखी दाराच्या खालच्या फटीकडं जाते ते, आणि एक वाटी दूध तिनं सकाळी जास्त घेतलं होतं असं शेजारीण मधेच बोलते ते. पहिल्या खेपेला हे सुटलं होतं. किती वर्षांनी कुणीही न निवडलेलं, कुणीही न मागवलेलं पान तिच्यापुढं असं अचानक आलं होतं. कपाटाच्या बोळात उभ्यानं यायचं तसं. समोर कुणीतरी सुगम्य, सर्वसमावेशक असे शब्द बोलत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. आणि ती जिन्यात त्या लोकांच्यात उभी होती, आणि एक पान, एकच पान, कागदाची एक बाजू दुसऱ्या बाजूला पडायचा अवकाश होता. बोटं पानावरच ठेवलेली होती. तिनं उजव्या हाताच्या अंगठ्याला हलायला सांगितलं. सांगायची ती जागा डोक्यात अजून होती, तिथून निरोप निघालेला तिला कळला. अंगठा पानावर पडून होता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

जेवणाची वेळ झाली तसे लोक उठले. मसालेभाताचा वास आला, ताटांचे आवाज झाले. दोघीतिघी बायका येऊन तिच्या खांद्याला हात लावून गेल्या. एकीनं विचारलं की बरं वाटतंय ना, आणि उत्तराची वाट न बघता, वाटतच असणार, आपल्या लोकांत आलं की वाटतंच, असं म्हणून ती पुढं गेली. सुखदा वाटीत भात आणि मठ्ठा मऊ कालवून घेऊन आली. हनुवटीखाली रुमाल लावला, चमचा पुढं केला. महानंदानं घास घेतला. गिळेपर्यंत तिनं डोळे पानावरून हलवले नाहीत. सुखदानं दुसरा चमचा भरला. आता मागायला हवं होतं. मागण्याजोगं माणूस समोर होतं, तिचा चालता हात पानाजवळच होता, आणि हे पान काही पाण्याच्या निमित्तानं मागून घेण्यातलं नव्हतं. हे तिला सरळ मागायचं होतं. तिनं तोंड मिटून चमचा नाकारला. हवा गोळा केली.

“उलट,” महानंदा म्हणाली.

सुखदा वाकली. “काय आई?”

तिनं पुन्हा म्हटलं. शेवटच्या अक्षराशी हवा तिला आवरली नाही, ती दातांतून घसरत, लांबत बाहेर गेली. सुखदाच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

“उलटी? आई, उलटी होतेय?”

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. वाटी बाजूला आदळली. सुखदानं दोन्ही हातांनी तिची मान एका अंगाला वळवून धरली, शिवलीलेनं सांगितली होती तशी, आणि पान महानंदाच्या डोळ्यांसमोरून गेलं. भिंत आली, भिंतीवरचं कॅलेंडर आलं. कुणी ओरडून पातेलं मागितलं, कुणी पंखा वाढवला, ताटं ठेवून लोक धावत आले. भगवंतराव गुडघ्याचं दुखणं विसरून पळत आले आणि त्यांनी आधी मांडीवरचा खंड उचलला. एकच प्रत होती, खराब झाली असती. तो त्यांनी मिटून छातीशी धरला. “पान,” महानंदा म्हणाली, होती नव्हती तेवढी हवा लावून. तिच्या तोंडाजवळ असलेल्या बाईला ते ऐकू आलं. पाणी मागताहेत, ती म्हणाली, आणि पेला आला. सुखदानं तो हातानं ढकलून दिला, पाणी नको, पाणी अजिबात द्यायचं नाही, असं ती रडवेल्या आवाजात सगळ्यांना सांगत होती. महानंदाला त्या घोळक्यात एकदम हसू आलं. तिच्या आजारात हसू आलं की ते आवरत नसे, आणि त्याचा आवाज हुंदक्यासारखा येई. त्यानं लोक आणखी घाबरले. चला, दवाखान्यात न्या, वेळ घालवू नका. खुर्ची फिरली, कपाटांच्या कडा मागं सरकल्या, उंबरा आला, ऊन आलं, आणि चाकं त्या नव्या उतारावरून खाली आली, एकही धक्का न बसता. भगवंतराव कठड्याला धरून बरोबर उतरत होते, खंड अजून काखेत होता. गाडीत तिला उचलून ठेवताना ते खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाले, “बरं झालं बाई, उतार होता. नाहीतर काय केलं असतं आपण.”

दवाखाना जवळच होता, पण गाडी मार्केटच्या गर्दीत अडकली. उलटी झाली नाही. सुखदा तिच्याजवळ बसून दर थोड्या वेळानं तिच्या ओठांच्या कडा पुशीत होती, काही नसताना. मग तिचा धीर सुटला. मी तुम्हाला आणायलाच नको होतं, एवढी दगदग, चूक माझीच आहे, असं ती बोलत राहिली, आणि बोलता बोलता महानंदाचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. महानंदा तिच्याकडं बघत होती. खरं काय ते सांगायला निदान पाच-सहा श्वास लागले असते. ते सगळे नीट बाहेर आले असते तरी, त्यानंतर ह्या मुलीचा चेहरा कसा झाला असता ते तिला आत्ताच दिसत होतं. गोष्टीतल्या त्या कुलूप लावलेल्या खोलीत कोण होतं, याचा तिनं थोडा वेळ विचार केला. आजारी माणूस असेल, लपवून ठेवलेलं मूल असेल, मांजर असेल. बाईनं म्हाताऱ्याचा हात धरला होता आणि पहार कडीत अडकलेली होती. सुखदानं रुमालानं स्वतःचे डोळे कोरडे केले आणि तिच्या तोंडाशी वाकून विचारलं, “आता बरं वाटतंय ना, आई?”

“हो,” महानंदा म्हणाली. तो एक शब्द तिला अजून अगदी स्वच्छ म्हणता येत होता.